विश्वास मागणाऱ्यांना सवाल

'विश्वास ठेवा' असं पोथीवाले सांगत आले, आता तज्ज्ञ सांगतात. पण ज्याला सवाल करायचा हक्कच नाही, त्याच्या गप्प बसण्याला विश्वास म्हणायचं का?

२६ एप्रिल १९८६. सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चार नंबरची भट्टी रात्रपाळीत फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरात जवळपास पन्नास हजार माणसं. सकाळी पोरं नेहमीसारखी शाळेत गेली. शहर रिकामं केलं ते दीड दिवसानं. स्वीडनच्या यंत्रांनी हवेतलं विष पकडलं, तेव्हा कुठं २८ तारखेला मॉस्कोनं तोंड उघडलं, तेही मोजक्या वाक्यांत. १ मेला कीवमध्ये कामगार दिनाची मिरवणूक निघालीच.

आधी सगळा दोष कुणाच्या माथी? पाळीवरच्या माणसांच्या. पण खोट यंत्रातच होती. भट्टी विझवायच्या दांड्यांच्या टोकांना ग्राफाइट होतं. दांड्या आत शिरताना भट्टी आधी भडकू शकायची. १९८३ साली इग्नालिनाच्या केंद्रात हे दिसलं होतं. वरच्यांना ठाऊक, पण बटण दाबणाऱ्याला कुणी नीट सांगितलं नाही. १९९२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आपला आधीचा निवाडा बदलला आणि यंत्राच्या रचनेवर बोट ठेवलं. तोवर त्या पाळीतले कितीतरी जण मरून गेले होते.

ओळखीचं वाटतं ना? ज्ञान वर कोंडायचं, घाम खाली गाळायचा, आणि बिघडलं की पाप खालच्याचं. मनू फक्त संस्कृतातच बोलतो असं नाही. कामगारांचं म्हणवणाऱ्या राज्यातही 'गुप्त' असा शिक्का मारून तो बसला होता.

नंतर लोक सरकारचं काहीच खरं मानेनात. खरे आकडेसुद्धा खोटे वाटायला लागले. तेव्हा साहेबलोक म्हणाले, हा भीतीचा रोग आहे. रोग कसला? फसवला गेलेला माणूस शहाणा होत होता.

पण नुसता संशय धरून बसलो तर उद्या कुणीही गंडादोरा घेऊन येईल नि आपण तो बांधून घेऊ. बुद्धानं कालामांना एवढंच सांगितलं नव्हतं की कुणाचं मानू नका. स्वतः तपासा आणि मग माना, असं सांगितलं. तपासायचं तर कागद हातात पाहिजे, आकडा वाचता आला पाहिजे, विचारणाऱ्याची नोकरी शाबूत राहिली पाहिजे.

म्हणून विश्वास मागायला येईल त्याला सांगू, आधी फाइल उघड. आम्ही वाचू. मग बोलू.