चिंचेचं झाड आणि नाथांचं गाढव

 

या महिन्याचा विषय 'परोपकार' आहे असं ताईंनी ग्रुपवर कळवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दोन पानं सहज होतील असं वाटलं होतं. लिहायला बसले आणि माझ्या बहिणीच्या मुलाचं एक बोलणं आडवं आलं. ते बाजूला सारून लिहिता येईना, म्हणून तेच आधी सांगते.

गुरुवारी आपण उस्मानिया दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाटतो, तुम्हाला माहीतच आहे. एकदा ऑटो मिळेना म्हणून भाच्याला गाडी काढायला लावली. तो इथेच जीवशास्त्रात संशोधन करतो. वाटप झालं, डबे रिकामे झाले, आणि पाहते तर हा दवाखान्याच्या आवारातल्या त्या जुन्या चिंचेपाशी उभा. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला, तेव्हा दीडशेच्या आसपास माणसं या झाडावर चढून वाचली. शहरात त्या पुरात पंधरा हजारांच्या घरात माणसं गेली असं म्हणतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर वाहून गेल्या, ते एकटे उरले. निजाम महबूब अली खान यांनी बेघर झालेल्यांसाठी आपले वाडे उघडले, अन्नछत्रं घातली.

मी त्याला म्हटलं, "बघ, वर चढलेल्यांनी खालच्यांना हात दिले असतील, म्हणून इतके वाचले. हाच परोपकार." तर तो म्हणतो, "मावशी, हात देणं खरंच आहे. पण माणूस हात का देतो याचा हिशोब आता विज्ञानाला बराच कळलाय. तुमची सेवासुद्धा शेवटी जनुकांचाच हिशोब आहे."

खरं सांगू? राग आला. पहाटे चारला उठून तीस किलो तांदूळ शिजवायचा आणि पोरानं त्याला हिशोब म्हणायचं! घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. पण मीही पस्तीस वर्षांपूर्वी बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, डार्विन परीक्षेपुरता का होईना वाचला होता. म्हटलं, बघू तरी काय म्हणतात. त्यानं पुस्तकं आणून दिली, काही लेखांच्या झेरॉक्स दिल्या. दुपारी जेवणं झाली की वाचत बसायचे.

कोडं असं आहे. जो दुसऱ्यासाठी झिजतो, त्याच्या वाट्याला कमी येतं. मग पिढ्यान्‌पिढ्यांच्या चढाओढीत असा झिजणारा स्वभाव कधीच संपून जायला हवा होता. तो टिकला कसा? डार्विनलाही हे कोडं पडलं होतं. १८७१ च्या पुस्तकात त्यानं सुचवलं की ज्या टोळीत एकमेकांसाठी उभी राहणारी माणसं जास्त, ती टोळी दुसऱ्या टोळीवर मात करते. (टोळी हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

नंतरच्यांनी तीन उत्तरं दिली. पहिलं रक्ताच्या नात्याचं. माझ्यातलं काही माझ्या भावंडांत, भाच्यांत आहेच, तेव्हा त्यांना वाचवणं म्हणजे थोडं स्वतःलाच वाचवणं. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये याचं गणित मांडलं. दुसरं परतफेडीचं, ते १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडलं. रक्त पिणारी वटवाघळं असतात, त्यांना दोन-तीन रात्री काही मिळालं नाही तर ती मरतात. उपाशी राहिलेल्याला शेजारचं वटवाघूळ आपल्या पोटातलं काढून देतं, आणि ज्यांचा सहवास जुना त्यांनाच बहुधा देतं, हे जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टारिकात पाहिलं. आपल्याकडे वाटीभर साखर शेजारी जाते आणि वाटी कधी रिकामी परत येत नाही, तसंच. तिसरं उत्तर नावाचं. जो देतो त्याचं चांगलं बोललं जातं, आणि ज्याचं चांगलं बोललं जातं त्याच्या पाठीशी चार माणसं उभी राहतात. 'लोक काय म्हणतील' याला आपण इतकं नावं ठेवतो, पण हे लोक त्याला माणसाच्या चांगुलपणाचा एक मोठा आधार मानतात.

यात मला सगळ्यात भावले ते हाल्डेन. जे. बी. एस. हाल्डेन मूळचे इंग्रज, पण १९५७ मध्ये भारतात आले, कुडता घालून वावरले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. मृत्यूनंतर देह आपल्या शेजारच्या काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. हॅमिल्टनच्या आधी त्यांनीच ते गणित बोलून दाखवलं होतं: दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी नदीत उडी घेईन, असं ते गमतीनं म्हणाले अशी आठवण सांगतात. पुढे १९५५ च्या एका लेखात बुडणाऱ्या मुलाचंच उदाहरण घेऊन त्यांनी हा हिशोब मांडला. आणि तिथेच खाली लिहिलं की बुडण्याची शक्यता असलेल्या माणसांना मी स्वतः दोनदा पाण्यातून ओढून काढलंय, पण तेव्हा असलं गणित करायला वेळ नव्हता.

मी भाच्याला ही ओळ दाखवली. म्हटलं, "हे बघ, तुमच्या गणिताच्या बापानंच गणित न करता उडी मारली." तो हसला. म्हणाला, "तेच तर. गणित निसर्गानं आधीच करून ठेवलंय, माणसाला करावं लागत नाही. माणसाला नुसता कळवळा येतो." म्हणजे कळवळा खरा, ढोंग नाही, हे त्यांनाही मान्य आहे. माझा अर्धा राग तिथे गेला.

उरलेला राग सारा हर्डी या बाईंनी घालवला. त्यांचं म्हणणं सगळ्या आज्यांनी वाचावं असं आहे. चिंपांझीची आई सुरुवातीचे काही महिने आपलं पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हाती देतच नाही. पाच-सहा वर्षांनी एक पिल्लू, आणि त्याचा भार एकटीवर. माणसाच्या बाईला मात्र पहिलं मूल स्वतःच्या हातानं पोट भरू लागायच्या आत दुसरं होतं. एकटीच्यानं हे शक्यच नाही. तेव्हा आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारीण अशा अनेक हातांवर माणसाचं मूल वाढलं. ज्या मुलाला आईखेरीज दुसऱ्यांचे चेहरे वाचता आले, त्यांना आपलंसं करता आलं, ते जगलं. हर्डी म्हणतात, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याची माणसाची ताकद या अशा अंगाखांद्यावर वाढली. टांझानियातल्या हाड्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की म्हाताऱ्या बायका दिवसभर कंद खणून नातवंडांना घालतात, आणि त्याच्यावर मुलांचं बाळसं अवलंबून असतं. पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं जगते, त्याचं कारण कदाचित हेच असेल, असं त्या मांडतात.

मी पंचावन्नची आहे. पाळी गेली तेव्हा 'आता आपलं काय काम' असं काही महिने वाटलं होतं, हे कुणाला बोलले नव्हते. त्या पानावर बराच वेळ थांबले.

पण याच हर्डीबाईंनी तरुणपणी अबूच्या डोंगरात वानरांचा अभ्यास केला होता, आपल्या काळतोंड्या वानरांचा, ज्यांना आपण मारुतीराय म्हणून केळी देतो. त्यांच्यात माद्या एकमेकींची पिल्लं हौसेनं कडेवर घेतात. आणि बाहेरचा नर येऊन टोळीचा ताबा घेतो तेव्हा तो आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारून टाकतो, हेही त्याच वानरांत. साठच्या दशकात धारवाडला सुगियामा या जपानी अभ्यासकांनाही हेच दिसलं होतं. वाचून मला रात्री झोप लागली नाही. माया आपल्यांसाठी, आणि आपली ती हद्द संपली की काहीच नाही.

आता ते सांगते, जे मी चार जणींच्या पलीकडे कधी नेलं नाही. खरं तर त्या चार जणींनाही अर्धंच सांगितलं होतं.

२०२० च्या ऑक्टोबरात, १३ तारखेच्या रात्री जो पाऊस झाला, तो कोण विसरेल? मुसी पुन्हा भरून आली. आपण काचीगुड्याला एका गच्चीवर पुलिहोऱ्याची दोनशे पाकिटं बांधली. मी आणि आणखी एक ताई चादरघाटच्या खालच्या वस्तीत गेलो. गुडघाभर चिखल, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर, तोंडाला मास्क. माझ्या खांद्याला एक कापडी पिशवी होती, तिच्यात मी पंधरा पाकिटं वेगळी ठेवली होती. आपल्या सत्संगातल्या तीन कुटुंबांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांच्यासाठी. वाटप संपलं. बुरख्यातली एक बाई मूल कडेवर घेऊन आली. म्हणाली, "अम्मा, एक और है क्या?" मी म्हटलं, "खतम हो गया." पिशवी खांद्यावरच होती.

ती काही बोलली नाही. तिच्या शेजारच्या बाईला पाकीट मिळालं होतं. तिनं ते सोडलं, डब्याच्या झाकणात अर्धा भात काढला आणि हिच्या हातात दिला. माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही.

आपल्या लोकांकडे पोचले तर ते वरच्या मजल्यावर, गॅस चालू, आमटी-भात झालेला. "अहो ताई, कशाला एवढा त्रास घेतलात!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यातली काही पाकिटं आंबली म्हणून गाईला घातली. संध्याकाळी ग्रुपवर आमचा वाटपाचा फोटो आला, त्याखाली नमस्कारांची रांग लागली. मीही खाली 'गुरुकृपा' असं लिहिलं.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "मावशी, पुस्तकात लिहिलंय तसंच झालं." नातं, परतफेड, नाव, तिन्ही माझ्या त्या पिशवीत होतं. आणि डार्विनची टोळीही.

मग मला एकनाथ महाराज आठवले. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरला निघालेले, आणि वाटेत वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं तर ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण या वाचनानंतर ती मला वेगळी दिसली. गाढव नात्याचं नाही. ते परतफेड करणार नाही. आणि नाव? सोबतच्या यात्रेकरूंनी कौतुक केलं नाही, इतक्या दुरून आणलेलं पाणी वाया घालवलं म्हणून बोलच लावले. तिन्ही उत्तरं तिथे तोकडी पडतात.

भाचा म्हणतो, तोकडी पडत नाहीत. गोडाची आवड जंगलात फळं शोधायला उपयोगी होती, आता ती जिलबीवर जाते. तसा कळवळा आपल्यांसाठी घडला आणि कधीकधी नेम चुकून गाढवावर जातो. दीड वर्षाचं मूलसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू आपणहून उचलून देतं, हे २००६ च्या प्रयोगात दिसलंय. ते काही टोळी बघत नाही.

नेम चुकला, हे मला पटत नाही. आपले हात फांदी धरायला घडले म्हणतात. त्याच हातांनी आपण माळ ओढतो, पोळ्या लाटतो, दवाखान्यात अनोळखी म्हाताऱ्याला पाणी पाजतो. माळ ओढणं म्हणजे फांदी चुकली, असं कुणी म्हणत नाही. कळवळा कुठून आला ते विज्ञानानं सांगावं, मी ऐकते. नाथांनी तो कुठवर नेला, हे पाहायला मात्र नाथांकडेच जावं लागतं. आणि नाथांचा नेम चुकला नव्हता. त्यांना सगळ्यांत तोच दिसत होता, असं आपण मानतो. मला अजून दिसत नाही.

एक मात्र भाच्याचं ऐकून शिकले. महाराज सांगतात, सेवेत आपला-परका पाहू नका. मी ते इतकी वर्षं सोपं समजत होते, कारण मला वाटायचं की मी पाहतच नाही. लाखो वर्षांची सवय माझ्या पिशवीत बसली आहे हे कळल्यावर नुसत्या चांगल्या मनावर विसंबणं धोक्याचं वाटतं. म्हणून आम्ही गुरुवारच्या सेवेत थोडे बदल केलेत. पाकिटं निघताना सगळ्यांसमोर मोजायची. रांगेत जो पुढे त्याला आधी, ओळखीच्यांनाही रांग. आपल्या कुटुंबांना गरज असेल तर ती वेगळी सांगून, वेगळं शिजवून द्यायचं. वाटपाचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, यावर थोडी कुरकुर झाली, अजून चालू आहे. फोटो पाहून नव्या बायका सेवेला येतात असं दोघींचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही.

चादरघाटला मी नंतर दोनदा गेले. ती बाई भेटली नाही. वस्तीतली बरीच घरं हलली आहेत.

या गुरुवारी शिजवण्याची पाळी बरकतपुऱ्याच्या ताईंकडे आहे, पहाटे साडेचारला. मोजायला मी आहे. खांद्याची पिशवी घरी ठेवून येणार आहे, तुम्हीही तसंच या.