बुद्धी वश करावी की जागी करावी?

बेंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या गजबजाटापासून जवळच आमचे बिऱ्हाड आहे. एके सायंकाळी एक मराठी गृहस्थ आले. परीक्षेच्या धास्तीने त्यांच्या मुलाने घराबाहेर पडणेच सोडले होते. “शास्त्रीबुवा, संमोहनाने याला आज्ञेत आणता येईल काय?” त्यांनी विचारले. प्रश्न वात्सल्याचा होता. परंतु त्यात धर्माचा सूक्ष्म विचार दडलेला आहे. दुसऱ्याच्या कल्याणासाठी त्याची इच्छा आपल्या हाती घ्यावी काय?

संमोहनाची जुनी रीत आज्ञेची होती. विसाव्या शतकात अमेरिकेतील डॉ. मिल्टन एरिक्सन (१९०१–१९८०) यांनी निराळी वाट रूढ केली. ‘झोप’ असे न बजावता, डोळे मिटावेसे वाटल्यास मिटावेत, न वाटल्यास उघडे राहू द्यावेत, अशा धर्तीने बोलावयाचे, गोष्टी सांगावयाच्या, आणि रोग्याच्या ठायी असलेले सामर्थ्य त्याचे त्यालाच गवसू द्यावयाचे. हे अनिर्देशात्मक संमोहन होय.

कोणी म्हणेल, आडून केलेली सूचना उघड आज्ञेहून अधिक फसवी नव्हे काय? शंका रास्त आहे. गोड शब्दानेही माणूस बांधला जातो. म्हणून शब्दांची मृदुता ही कसोटी नव्हे. काय चालले आहे हे रोग्यास ठाऊक आहे काय आणि त्याला ‘नको’ म्हणता येते काय, ही कसोटी होय. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्यानेही समजून दिलेल्या संमतीस महत्त्व दिले आहे.

भाषांतर करताना ‘संमोहन’ शब्दापाशी माझी लेखणी अडते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६३) संमोहापासून स्मृतिभ्रंश व त्यातून बुद्धिनाश सांगितला आहे. उलट अठराव्यात (श्लोक ७३) मोह नष्ट होऊन स्मृती परतल्याचे अर्जुन म्हणतो. खऱ्या उपचाराची दिशा ही दुसरी असावी. भगवंतांस अर्जुनाचे मन क्षणात फिरविणे अशक्य नव्हते. तरीही सर्व सांगून झाल्यावर (१८.६३) पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे ते सांगतात. शरण येण्याचे आवाहन त्यानंतर येते (१८.६६). हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्याची इच्छा मोकळी आहे, त्याचेच शरण जाणे खरे.

मी त्या गृहस्थांस म्हणालो, “याच नगरात निम्हान्ससारखी राष्ट्रीय संस्था आहे, जाणत्या वैद्याकडे अवश्य जा. परंतु मुलाला विचारलेत काय?”

ते स्तब्ध राहिले. मग हळूच म्हणाले, “आज विचारतो.” उपचाराचा आरंभ त्याच क्षणी झाला, असे मी मानतो.