सायकलीस क्रमांकाची पाटी असावी काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या थोरल्या भगिनी सकाळच्या प्रहरी कोथरुडातील आपल्या घराजवळ फुले आणावयास निघाल्या असता, पदपथावरून उलट दिशेने आलेल्या एका सायकलस्वाराचा त्यांस धक्का लागला व उजव्या हाताचे मनगट मोडले. स्वार क्षणभर थबकला, त्याने मागे वळून पाहिले आणि तो निघून गेला. आम्ही समाचारास गेलो तेव्हा भगिनी शांत होत्या. स्नेही मात्र संतापाने लाल झाले होते. ते म्हणाले, "रिक्षा असती, स्कूटर असती, तर निदान क्रमांक तरी कोणी टिपला असता. सायकलीस ना नाव ना क्रमांक. वाऱ्याने पाडले म्हणून कोणावर फिर्याद करावी?" प्रत्येक सायकलीस सरकारी क्रमांकाची पाटी लावलीच पाहिजे, म्हणजे हे लोक आपोआप सरळ होतील, असा त्यांचा सिद्धान्त झाला आहे. वरवर पाहता हा प्रश्न महानगरपालिकेच्या सभेत अर्ध्या तासात निकालात काढण्याजोगा दिसतो. परंतु त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे, तो असा की, आपण ओळखले जाऊ या भीतीने माणसाचे वर्तन सुधारते काय, आणि सुधारले तर त्यास सुधारणा म्हणावे काय?

पुणेकरांस तरी ही कल्पना नवी वाटू नये. आपले शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे, आणि त्या काळी प्रत्येक सायकलीस बिल्ला असे. सन १९५० मध्ये पुण्यात महानगरपालिका आली, तरी जुनी मंडळी तीस पुढे कित्येक वर्षे म्युनिसिपालिटीच म्हणत. ज्या १९४९ च्या अधिनियमान्वये ती चालली, त्यात वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार होता आणि सायकल हेही वाहनच. कर भरला की क्रमांक ठोकलेला धातूचा एक लहानसा बिल्ला मिळे. तो सायकलीच्या पुढच्या अंगास तारेने किंवा स्क्रूने बसवावयाचा. वर्ष सरले की तो निकामी होई. बिल्ला नसलेली सायकल पकडली जाई, आणि तीबरोबर रात्री दिवा नसलेली व डबलसीट चाललेलीही. पोलीस दिसताच कॅरिअरवरचा मित्र चालत्या सायकलीवरून खाली उडी मारी आणि पुढच्या वळणावर पुन्हा बसे. ही कला ज्यास अवगत नाही असा विद्यार्थी त्या काळी विरळा. तात्पर्य, बिल्ला ही कराची पावती होती. तिचा आणि रस्त्यावरील सभ्यतेचा संबंध लावण्याचे कोणाच्या मनातही नव्हते. पुढे तो कर गेला आणि बिल्लाही गेला. जुन्या घरांतील खिळ्यांच्या डब्यांतून तो अजून कधीमधी सापडतो.

तथापि आमच्या स्नेह्यांचे म्हणणे इतक्याने उडवून लावता येत नाही. ते पुष्कळ वाचलेले गृहस्थ आहेत. त्यांनी आमच्यासमोर प्लेटोच मांडला. 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एक कथा सांगतो. लिडिया देशातील एका मेंढपाळास एक अंगठी सापडली. तिचा खडा तळहाताकडे वळविला की तो अदृश्य होई. हे कळताच त्याने राजवाड्यात शिरून राणीस वश केले, राजाचा वध केला व राज्य बळकाविले. अशी अंगठी मिळाल्यावर न्यायाने वागणारा मनुष्य पृथ्वीवर आहे काय, असा ग्लॉकॉनचा प्रश्न. "सायकल ही आजच्या पुण्यातील तीच अंगठी," असे स्नेही म्हणाले. "सिग्नल तोडा, एकेरी रस्त्यात उलटे शिरा, म्हातारीस पाडा, तुम्ही अदृश्यच!"

यावर आम्हांस महाभारतातील शकुंतला आठवली. कालिदासाची शकुंतला शापामुळे विस्मृत झालेली आहे; महाभारतातील दुष्यन्तास सर्व काही स्मरत असते, तरी भर सभेत तो तीस ओळखत नाही म्हणतो. तेव्हा ती त्यास सांगते की, आपण एकटे होतो, आपणांस कोणी पाहिले नाही, असे तू समजतोस. पण अंतरात बसलेला तो पुराणपुरुष सर्व जाणतो. ग्लॉकॉनच्या अंगठीस हे आपल्याकडचे उत्तर आहे. ते उत्तम आहे. परंतु मनगट मोडलेल्या बाईस त्याचा काय उपयोग, हेही विचारलेच पाहिजे. स्वाराच्या अंतरातील साक्षी जागा आहे की निजला आहे, याची चौकशी करण्यास ती बांधलेली नाही. तिचा हक्क एवढाच की, तीस कोणी पाडू नये. आणि पाडलेच तर उचलावे, औषधोपचार करावा व भरपाई द्यावी. कायद्यास माणसाचे बाह्य वर्तन पुरते, नीतीस पुरत नाही, हा भेद सर्वांस ठाऊक आहे. पण पाटीचे पुरस्कर्ते एकीकडून कायद्याचे साधन मागतात आणि दुसरीकडून त्याच्यापासून नीतीचे फळ अपेक्षितात. लोक 'सरळ होतील' हे फळ त्या झाडास लागते काय, ते पाहिले पाहिजे.

येथे आम्हांस आमचाच एक अपराध सांगणे प्राप्त आहे. सन १९६४ चा सुमार. आम्ही शाळेत होतो. थोरल्या बंधूंची सायकल संध्याकाळी हट्टाने मागून घेऊन नारायण पेठेतील एका बोळातून दिव्यावाचून वेगाने येत असता, पिठाच्या गिरणीतून निघालेल्या एका वृद्ध बाईस आमचा धक्का लागला. ती भिंतीशी पडली. दळणाचा डबा उपडा होऊन पीठ सांडले. ती "अगं आई गं" म्हणाल्याचे आम्ही ऐकले आणि पायटे जोराने मारले. सायकलीस त्या वर्षाचा बिल्ला होता, कर वेळेवर भरलेला होता, क्रमांक स्वच्छ वाचता येण्याजोगा होता. पण तिन्हीसांजेच्या अंधारात तो कोणी वाचावा? बाईस तर अक्षरओळख नव्हती, हे पुढे कळले. पळताना आमच्या मनात बिल्ल्याचा विचार आला काय? खरे सांगावयाचे तर आला. पण तो इतकाच की, कोणी पाहिला नसेल ना? म्हणजे ज्या वस्तूने आम्हांस थांबवावयाचे तिने आम्हांस अधिक वेगाने पळविले.

दोन दिवसांनी आईने आम्हांस त्याच गिरणीत दळण देऊन पाठविले. ती बाई तेथे बाकावर बसली होती. मनगटावर हळदीचा लेप आणि जुनेराची पट्टी होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाळ, माझा डबा जरा खाली उतरव रे, हाताला लागलंय." तिने आम्हांस ओळखले नव्हते. आम्ही डबा उतरविला. काही बोललो नाही. त्या बाकावर जी लाज वाटली ती कोणत्याही शिपायाने उत्पन्न केली नसती. मात्र तिलाही मोठी समजू नये, कारण आमची जीभ तिने सोडविली नाही. पेठेत त्या काळी प्रत्येक मुलाचा चेहराच त्याची पाटी असे. 'अमक्याच्या वाड्यातला' एवढे म्हटले की दुपारपर्यंत बातमी घरी पोचे. तरी दिवे लागण्याच्या वेळी एका बोळापुरते का होईना, आम्ही अंगठी घातलेले मेंढपाळ होऊ शकलोच.

इतर देशांनी हा प्रयोग करून पाहिला आहे. कॅनडातील टोरोंटो शहराने १९३५ साली सायकलींस परवाना लावला आणि १९५७ साली तो काढून टाकला. त्यांचे कारण मनन करण्याजोगे आहे: कोवळ्या वयाची मुले त्यामुळे नकळत कायदा मोडणारी ठरतात आणि मुलांचे व पोलिसांचे संबंध बिघडतात. स्वित्झर्लंडात कित्येक वर्षे प्रत्येक सायकलीवर खूण असे, पण ती विम्याची. सायकलीने कोणास इजा केल्यास त्यास भरपाई मिळावी हा हेतू होता. तीही सक्ती २०१२ साली उठली. जपानात १९९४ पासून सायकलीची नोंदणी आवश्यक आहे, ती चोरी पकडण्याकरिता. कर, विमा, चोरी या तीन कामांस क्रमांक उपयोगी पडतो यात शंका नाही. शीलाचे काम त्याजकडे कोणी सोपविल्याचे आमच्या पाहण्यात नाही. स्वित्झर्लंडचा हेतू आम्हांस सर्वांत प्रतिष्ठित वाटतो, कारण त्यात पाडणाऱ्यापेक्षा पडलेल्याचा विचार आधी केलेला आहे.

आणि दूर कशास जावे? ज्यांस पाटी आहे त्यांचे वर्तन पाहावे. कोणी संध्याकाळी सहा वाजता अलका टॉकीजच्या चौकात पंधरा मिनिटे उभे राहावे. पट्ट्यांवर चढून उभ्या असलेल्या, पदपथावरून धावणाऱ्या, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकींपैकी एकही बिनक्रमांकाची नसते. काहींनी पाटी वर वाकविलेली असते, काहींनी चिखलाने माखलेली. जेथे कॅमेरा आहे तेथे वेग कमी होतो आणि कॅमेरा मागे पडला की पूर्ववत. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये अपघात करणाऱ्या चालकाने जखमी मनुष्यास वैद्यकीय साहाय्य मिळवून देणे हे कर्तव्य आहे. तरी पाडून पळून जाणारे पाटीवालेच किती आढळतात! सायकलस्वारही कायद्याबाहेर नाहीच. भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम बेदरकारपणे हाकल्या जाणाऱ्या कोणत्याही वाहनास लागते, मग त्यास इंजिन असो वा नसो.

"मग जे मोटारसायकलवाल्यास ते सायकलवाल्यास का नको?" असा न्यायाचा मुद्दा उरतो. आमचे उत्तर असे की, जबाबदारीची खूण हानी करण्याच्या शक्तीच्या मानाने असावी. स्वारासह ८५ किलो वजनाची सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली आहे आणि स्वारासह २०० किलोची मोटारसायकल ताशी ५० ने. वेगाचा वर्ग करून गुणाकार केला तर दुसरीच्या आघातात पहिलीच्या सुमारे २६ पट शक्ती भरते. कायद्यानेही अशीच रेषा आखली आहे. विजेवर चालणाऱ्या ज्या दुचाकीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी व वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तीस नोंदणी लागत नाही. (या सवलतीखाली आलेल्या काही गाड्या युक्तीने अधिक वेगाने पळविल्या जातात. तेथे पाटीचा आग्रह धरणे आम्हांस रास्त वाटते. स्नेह्यांचा व आमचा एवढाच एकमताचा मुद्दा निघाला.)

आणखी एक गोष्ट स्नेह्यांच्या ध्यानात आली नसावी. आज पुण्यात सायकल कोण चालवितो? रात्रपाळीचा पहारेकरी, वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, बांधकामावरचा गवंडी, शाळेतील मुले. आणि त्यांच्या जोडीस पहाटे सिंहगडाकडे निघणारे, किमती सायकलींचे शौकीन. पाटीची फी शौकिनांस कळणारही नाही. पहारेकऱ्याची सायकल मात्र पाटीवाचून जप्त झाली तर त्याचा रोजगार बुडेल. पाडणारा यांपैकी कोणीही असू शकतो, पण शिक्षा मुख्यतः कोणास होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. शिवाय २०१७ च्या अखेरीस या शहरात भाड्याच्या सामायिक सायकली आल्या होत्या. त्यांतील प्रत्येकीस क्रमांक होता, कुलूप होते, ती कोठे आहे हे यंत्रास कळत असे. त्यांतील किती मोडून, वाकवून टाकलेल्या आपण पाहिल्या! क्रमांक लोखंडास मिळतो. तो ज्याच्या हाती आहे त्यास मिळेलच असे नाही.

हे सर्व आम्ही स्नेह्यांस सांगितले, गिरणीची हकीकतही सांगितली. लपविण्याचे वय आता राहिले नाही. पाटी नको, असा आमचा निर्णय आहे आणि तो अजून बदललेला नाही. उलट ज्यास क्रमांक नाही त्याजवर थांबण्याचे ऋण अधिक आहे, कारण तो थांबला नाही तर त्यास शोधण्याचा दुसरा मार्ग समाजाने ठेवलेला नाही. समाजाने त्यास उधारीवर सोडले आहे. मुलास सायकल घेऊन देताना घंटी व दिवा यांबरोबर ही गोष्ट किती घरांत सांगितली जाते, याचा शोध वाचकांनी आपापल्या घरी घ्यावा. आमच्या घरी ती सांगितली गेली नव्हती. बिल्ला मात्र वडिलांनी पहिल्याच आठवड्यात आणून बसविला होता.

स्नेह्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "तुमचा साक्षी साठ वर्षांनी बोलला हे ठीक झाले. पण त्या म्हातारीस काय मिळाले?"

डबा उतरून मिळाला, असे आम्ही म्हणालो. आतल्या खोलीतून भगिनी उजवा हात गळ्यात बांधलेल्या आमच्यासाठी चहा घेऊन आल्या. कप डाव्या हातात होता आणि बशीत थोडा सांडला होता.