जखमेचे माप कोणासाठी?

भांडणात कोणी ठोसा मारला आणि समोरच्याचा एक दात तुटला, तर कायद्याच्या लेखी ती गंभीर दुखापत ठरते. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेच कोणाला लाथाबुक्क्यांनी तुडवले, अंग काळेनिळे पडले, आठवडाभर कूस बदलणे मुश्कील झाले, पण हाड शाबूत राहिले, तर ती साधी दुखापत. कैद फार तर एक वर्ष, आणि गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस ठाण्यात बहुधा एनसी नोंदवून माणसाची बोळवण होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० ने गंभीर दुखापतीचे आठ प्रकार ठरवले. पुंसत्व, डोळा, कान, अवयव किंवा सांधा यांची कायमची हानी, चेहऱ्याची विद्रूपता, हाड वा दात मोडणे किंवा निखळणे, आणि शेवटी जिवाला धोका किंवा २० दिवस तीव्र वेदना अथवा नेहमीचे व्यवहार बंद पडणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ ने ही यादी तशीच ठेवली, फक्त २० दिवसांचे १५ केले. दुःख असे दातांत आणि दिवसांत मोजता येते का, हा प्रश्न पडायलाच हवा. माझे म्हणणे असे की, ही यादी मुळात दुःख मोजण्यासाठी नाही. शिक्षा देणाऱ्याच्या हाताला आवर घालण्यासाठी ती आहे. तिच्याकडे तसे पाहिले की तिचे नैतिक बळ कळते आणि तिची मर्यादाही.

शिक्षा हीसुद्धा एक इजाच असते. राज्यसंस्था माणसाच्या आयुष्यातली वर्षे काढून घेते, तेव्हा ज्या पुराव्यावर ती असे करते तो दुसऱ्या कोणालाही पुन्हा तपासता आला पाहिजे. मोडलेले हाड एक्स-रेमध्ये फिर्यादीच्या डॉक्टरला दिसते, तसेच आरोपीच्या वकिलाने उभ्या केलेल्या तज्ज्ञालाही दिसते. म्हणूनच न्यायवैद्यक शास्त्र जखमेकडे इतक्या बारकाईने पाहते. पाठीवर लाठी बसली की अनेकदा दोन समांतर लाल रेघा उमटतात आणि मधला पट्टा फिकट राहतो. आघाताच्या कडांशी रक्तवाहिन्या ताणून फुटतात, मधल्या दाबलेल्या भागातून रक्त बाजूला सरते. डोक्यावर तीच लाठी बसली तर कवटीवर ताणलेली कातडी अशी फाटते की जखम चाकूने कापल्यासारखी दिसते. भिंगातून पाहिले तर कडा ठेचलेल्या, केस चिरडलेले आणि जखमेच्या तळाशी तंतूंचे बारीक पूल शाबूत असतात. धारदार पात्याने हे सारे साफ छेदले गेले असते. हे भिंग लावायचे राहून गेले, तर प्रमाणपत्रात नसलेले धारदार शस्त्र येते, शस्त्राबरोबर कलम बदलते आणि कलमाबरोबर एखाद्याच्या आयुष्याची वर्षे. डॉक्टरची काटेकोर नजर हे इथे निव्वळ तांत्रिक कौशल्य राहत नाही, ती न्यायाचा भाग होते.

आपल्या परंपरेलाही हा प्रश्न नवा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दंडपारुष्य नावाचे प्रकरण आहे. अंगावर राख, चिखल किंवा धूळ टाकली तर १० पण दंड. काठी वगैरेने मारून रक्त न काढता दुखवले तर ३२, रक्त दिसले तर दुप्पट. हात, पाय किंवा दात मोडला तर त्याहून मोठा दंड. शिवाय जखमीच्या उपचाराचा खर्चही मारणाऱ्यानेच द्यायचा. हे आजही शिकण्यासारखे आहे. पण त्याच प्रकरणात दुसरे मापही आहे: मार खाणारा श्रेष्ठ असेल तर दंड दुप्पट, हीन असेल तर अर्धा. रक्ताचे मोजमाप बारीक होते, पण रक्त कोणाचे हे आधी विचारले जाई. १८६० च्या यादीतल्या आठ प्रकारांत जातीचा उल्लेख नाही. परक्या सत्तेने केलेल्या त्या कायद्याचे दोष अनेक होते आणि व्यवहारात जात आजही पोलीस ठाण्याच्या पायरीवर आडवी येते. तरीही मोडलेले हाड कोणाचेही असो, ते सारखेच मोडलेले आहे, हे तत्त्व त्या रुक्ष यादीने मान्य केले. यादी रुक्ष आहे म्हणूनच ते शक्य झाले. दुःखाचे मोल न्यायाधीशाच्या सहानुभूतीवर सोडले असते, तर सहानुभूती कोणाच्या वाट्याला येते हे आपल्याला ठाऊक आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप धर्मविचारातून येतो. बौद्ध विनयात चेतनेला, म्हणजे हेतूला, दोषाचे मूळ मानले आहे. अमृतचंद्राचार्यांसारख्या जैन आचार्यांनी सांगितले की राग-द्वेष मनात उठला की हिंसा घडलीच, मग समोरचा मरो वा न मरो. असे असेल तर त्याच रागाने मारलेला तोच फटका एका डोक्यावर टेंगूळ आणतो आणि दुसऱ्याचा जीव घेतो, म्हणून एकाला वेगळी आणि दुसऱ्याला वेगळी शिक्षा देणे हा योगायोगाचा जुगार नाही का? आक्षेप खरा आहे, पण तो दोन न्यायासने एक मानतो. कर्मफलाच्या व्यवस्थेला साक्षीपुरावा लागत नाही. तिच्यापासून मनातले काही लपत नाही. न्यायालयात मात्र माणूसच माणसाचा न्याय करतो, आणि त्याला दुसऱ्याचे मन दिसत नाही. केवळ द्वेषासाठी शिक्षा देण्याचा अधिकार त्याने घेतला, तर तो सर्वज्ञतेचा दावा ठरेल. ज्याचे त्याने अंतर्मुख होऊन स्वतःला जाब विचारण्यासाठी धर्माचे माप आहे. दुसऱ्याला तुरुंगात टाकण्यासाठी ते वापरू नये.

याचा अर्थ कायदा हेतूकडे पाठ फिरवतो असा नाही. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या तरुणाचा खटला आला. त्याने पत्नीला खाली पाडले, छातीवर गुडघा ठेवला आणि चेहऱ्यावर बुक्के मारले; मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. मृत्यू झाला म्हणून न्यायालयाने त्याला सरसकट खून म्हटले नाही. हेतू आणि इजेची घातकता तोलून तो सदोष मनुष्यवध ठरवला. पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात, एकेकाळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेल्या विव्हियन बोस यांनी ही वाट अधिक स्पष्ट केली. आरोपीने पोटात भाला खुपसला होता. न्यायालयाने प्रश्नांची फोड केली: इजा झाली का, ती कोणत्या स्वरूपाची, नेमकी तीच इजा करायची होती का, आणि हे सिद्ध झाल्यावर, ती इजा निसर्गक्रमाने मृत्यू आणण्यास पुरेशी होती का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आरोपीच्या मनात शोधायचे नाही, ते वैद्यकाने द्यायचे. म्हणजे मनाविषयीचा निष्कर्ष शरीरावरच्या खुणांनी बांधून ठेवला.

दुसरा आक्षेप माझ्या मते अधिक जिव्हारी लागणारा आहे. खूण न उमटवता छळणारे पुष्कळ असतात. घरात बाईला वर्षानुवर्षे दहशतीत ठेवणाऱ्याला कलम ११६ पकडू शकत नाही. हे मान्यच केले पाहिजे. पण त्यावरचा उपाय यादी सैल करणे हा नाही. कायद्याने त्यासाठी वेगळे दरवाजे उघडले: १९८३ मध्ये दंड संहितेत विवाहितेच्या छळाविरुद्ध कलम ४९८अ आले, २००५ च्या कायद्याने कौटुंबिक हिंसाचारात मानसिक आणि आर्थिक छळही धरला. कोठडीतल्या माराबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात सांगितले की, अटक झालेल्याने मागणी केल्यास त्याच्या अंगावरच्या मोठ्या तसेच लहान जखमाही तपासून नोंदवाव्यात आणि दर ४८ तासांनी त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी. तिथे लहानशी खूणही महत्त्वाची, कारण शिक्षा करणारा हात तिथे सर्वांत मोकळा असतो.

म्हणून दुखापतीचे प्रमाणपत्र हातात घेणाऱ्या प्रत्येकाने त्याचे काम ओळखावे. आरोपीला किती शिक्षा देता येईल, याची सीमा ते आखते. जखमीने किती सोसले याचा निवाडा ते करत नाही, तसा अधिकारही त्याला नाही. ‘साधीच दुखापत आहे, मिटवून टाका’ असे सांगणारे नातेवाईक, पुढारी आणि ठाणे अंमलदार राज्यसत्तेला घातलेला लगाम उचलून पीडिताच्या तोंडावर बांधतात. आरोपीच्या बाबतीत आपण कसून पुरावा मागावा; पीडिताच्या बाबतीत त्याचे ऐकून घ्यावे, औषधपाण्याचा खर्च द्यावा, संरक्षण द्यावे, आणि त्यासाठी हाड मोडण्याची अट घालू नये.