आढ्य रोगी आणि शुभ्र शिधापत्रिका

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद, म्हणजे चार आधार, मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. यांपैकी प्रत्येकाच्या अंगी चार गुण असावेत, असेही शास्त्र सांगते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त रोग्याच्या गुणांमध्ये पहिलाच गुण ‘आढ्य’ असा दिला आहे, आणि त्याचा सरळ अर्थ धनवान असा होतो. चरकाच्या यादीत मात्र धन नाही. तेथे स्मरणशक्ती, वैद्याचे ऐकण्याची वृत्ती, निर्भयता आणि आपले दुखणे नीट सांगता येणे एवढेच अपेक्षिले आहे. इतकेच नव्हे, तर सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात राजे आणि श्रीमंत यांच्या उपचारासाठी लागणाऱ्या साधनसामग्रीची लांबलचक नोंद केल्यावर, अशी सामग्री सर्वांपाशी नसते आणि दारुण रोग दरिद्री माणसालाही सोडत नाहीत, अशी कबुली चरकसंहिता देते. सार्वजनिक आरोग्य विम्याचा नैतिक प्रश्न या दोन याद्यांमधील फरकातच दडलेला आहे.

पारोळ्यासारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ ग्रंथातला राहिला नाही. महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत धुळे होते, जळगाव नव्हते. पारोळा तालुका जळगाव जिल्ह्यात असला, तरी महामार्गाने धुळे शहरच त्याला अधिक जवळचे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेव्हा धुळ्यातच होते. जळगावला ते २०१८ मध्ये आले. योजनेचा लाभ रुग्णालय कोठे आहे यावर नव्हे, तर कुटुंबाची शिधापत्रिका कोणत्या जिल्ह्याची आहे यावर ठरत असल्यामुळे, धुळे तालुक्यातील पिवळ्या किंवा केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे जे संरक्षण मिळाले, ते सीमेपलीकडच्या पारोळेकराला योजना २१ नोव्हेंबर २०१३ रोजी राज्यभर लागू होईपर्यंत मिळू शकत नव्हते. सोळा महिने हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च महसुली नकाशावर अवलंबून राहिला.

अशा विषमतेवर ‘ज्याचे त्याचे भोग’ हे उत्तर खानदेशातच काय, कोठेही सहज ओठांवर येते. परंतु कर्मसिद्धान्त आजाराचे मूळ सांगू पाहतो. शेजाऱ्याचे किंवा राज्याचे कर्तव्य काय, याविषयी तो काहीच सांगत नाही. चरकाने विमानस्थानात दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा या जन्मीचा प्रयत्न, यांचा वेगळा विचार करून आयुष्य सर्वस्वी नियत मानण्यास नकार दिला आहे, कारण तसे मानले तर औषधालाच अर्थ उरत नाही. दुसरे उत्तर अधिक उदात्त असते: सर्वांभूती एकच आत्मा. पारोळ्याच्या शेजारी अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठजींच्या दातृत्वातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि तेथे अद्वैताचा गंभीर अभ्यास झाला. मात्र अद्वैती पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा सत्तेच्या दोन पातळ्या मानतो. पहिल्या पातळीवरचा अभेद दुसऱ्या पातळीवरचे भेद आपोआप मिटवत नाही, आणि शिधापत्रिकेचा रंग ही पूर्णतः व्यावहारिक बाब आहे.

व्यवहाराच्या पातळीवरची कसोटी जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये मांडली: समाजाचे नियम ठरवणाऱ्याला आपण त्या समाजात कोणाच्या घरी जन्मणार हे ठाऊक नाही, असे समजून नियम ठरवावेत. पैसा अपुरा असल्यामुळे कोठेतरी रेषा ओढावीच लागते, हे या कसोटीलाही मान्य आहे. पण रेषेबाहेर राहिलेल्या माणसाला पटण्याजोगे कारण देता आले पाहिजे. आठ जिल्ह्यांचा पहिला टप्पा हा मुदतीचा प्रयोग होता, असे कारण पारोळ्याला देता येत होते. त्यापुढची रेषा इतकी निर्दोष नव्हती. एक लाखाहून अधिक उत्पन्नाच्या कुटुंबाला मिळणारी शुभ्र शिधापत्रिका लाभाआड येत असताना, मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यांना योजनेत घेतले गेले, आणि खानदेश त्या यादीत नव्हता. सीमेलगतच्या मराठवाड्यातील सोयगावचा कापूस उत्पादक आत आणि पारोळ्याचा बाहेर राहिला, पाऊस मात्र दोघांनाही सारखाच दगा देत होता. जिल्ह्याची सरासरी हे त्या जिल्ह्यातील एकेका माणसाला नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

दरम्यान योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि हा बदल वरवरचा मानू नये, कारण ‘जीवनदायी’ या शब्दात एक दाता गृहीत असतो, तर फुल्यांच्या नावाशी हक्काची भाषा जोडलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजदूर समितीच्या खटल्यात वेळेवर उपचार देणे हे घटनेच्या २१व्या कलमाखाली राज्याचे कर्तव्य ठरवले होते. ही योजना राबवणाऱ्या राज्य संस्थेच्या नावातही ‘विमा’ नसून ‘आरोग्य हमी’ आहे. विमा हा यादीत बसणाऱ्या जोखमीचा करार असतो, तर हमी माणसाला दिलेली असते. प्रत्यक्षात मात्र आधी मंजुरी, ठरावीक उपचारांची यादी आणि ठरावीक दर ही सारी व्यवस्था विम्याचीच राहिली. ठरावीक दराचा मोह कोठवर जातो, हे छत्तीसगडमध्ये २०१२ साली विम्याच्या पैशांसाठी अनावश्यक गर्भाशये काढल्याच्या आरोपांनी दाखवून दिले.

१ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अट उठली आणि कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण सर्वांना लागू झाले. त्याआधी, १५ ऑगस्ट २०२३ पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचारही मोफत झाले होते. योजना मात्र प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेली आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर बाजारातून घेणाऱ्या पारोळ्याच्या रुग्णाकडे वाग्भटाने सांगितलेला पहिला गुण आजही असावा लागतो.