सामानाजवळ राहिलेल्यांचा वाटा

शास्त्रपाठ : १ शमुवेल ३०:९-२५, अनुवाद २४:५, २ शमुवेल १२:१-७, योहान २:१-११



गेल्या जानेवारीत एका लग्नासाठी बंगळूरला जाण्याचा योग आला. माझ्या भाचीच्या धाकट्या दिराचे लग्न होते. मुलगा तेथेच नोकरीस असून मुलगीही त्याच शहरातील एका ख्रिस्ती कुटुंबातील. आम्ही सारे नगरहून कर्नाटक एक्सप्रेसने निघालो. या प्रवासाच्या महिनाभर आधी घडलेली एक गोष्ट मला तुम्हांला सांगावयाची आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तीत चूक माझी आहे.

भाचीचे यजमान सैन्यात हवालदार आहेत. सध्या त्यांची नेमणूक काश्मीरच्या सीमेवर, जेथे कुटुंबाला नेता येत नाही अशा ठिकाणी आहे. ती आठ वर्षांच्या लेकीला घेऊन सासूबाई व आजेसासूबाईंजवळ राहते. यंदा त्यांच्या विवाहाला दहा वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्या दहांपैकी लग्नाचे वाढदिवस एकत्र साजरे झाले ते दोन. दिराचे लग्न शनिवारी, आणि यांचा वाढदिवस त्याच आठवड्यातील गुरुवारी. यजमानांची रजा मंजूर झाली होती. ते आदल्या रविवारीच येणार होते. तेव्हा उभयतांनी ठरविले, की मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस बंगळूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या नंदीदुर्गाच्या डोंगरावर जाऊन राहावे आणि शुक्रवारी लग्नघरी हजर व्हावे.

सासूबाईंना हे रुचले नाही. घरातले कार्य, थोरला मुलगा दहा महिन्यांनी घरी येणार, आणि तो ऐन धावपळीत डोंगरावर जाऊन बसणार? भाचीने मला दूरध्वनी केला. “मामा, तुम्ही पाळक आहात. तुम्हीच सांगा, मी चुकते आहे का?”

मी सांगितले, “अगं पोरी, लग्नकार्य काय रोज निघते? थोडी सबुरी धर. फिरायला काय, पुढेही जाता येईल.”

ती क्षणभर थांबली. “बरं मामा,” म्हणाली, आणि दूरध्वनी ठेवला. तिच्या त्या “बरं”मध्ये किती वर्षांची सवय होती, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले नाही.

वाचकहो, आपण पवित्र शास्त्राकडे वळू. शौलाच्या भयाने पळत असलेला दावीद आपल्या सहाशे माणसांसह सिकलाग गावी राहत होता. एकदा ते बाहेर गेले असता अमालेक्यांनी गाव जाळून बायकामुलांना धरून नेले. परत आल्यावर ते सारे अंगात त्राण उरेपर्यंत रडले, आणि तसेच शत्रूच्या पाठीवर निघाले. बसोर ओढ्यापाशी दोनशे जणांचे पाय चालेनात. त्यांना तेथे सामानाजवळ ठेवून चारशे जण पुढे गेले. परमेश्वराच्या कृपेने त्यांना सर्व काही परत मिळाले. परतताना त्यांच्यातील काही दुष्ट माणसांनी वाद काढला : जे आमच्याबरोबर आले नाहीत, त्यांनी आपापली बायकामुले घेऊन जावे, लुटीतला वाटा त्यांना कशाला?

दावीदाने काय केले पाहा. ओढ्याजवळ येताच त्याने प्रथम त्या दोनशे जणांचे क्षेमकुशल विचारले. मग त्याने निर्णय दिला, की लढाईत उतरलेल्याचा जेवढा वाटा तेवढाच सामानाजवळ राहिलेल्याचा. आणि हा केवळ त्या दिवसापुरता निवाडा राहिला नाही; तो इस्राएलात कायमचा नियम होऊन बसला. कारण दावीद जाणत होता, की जय परमेश्वराने दिलेला आहे. जे दान म्हणून मिळाले, त्यात कोणी मोठेपणा मिरवून दुसऱ्याला वगळू नये.

सैनिकाची पत्नी ही सामानाजवळ राहिलेली व्यक्ती होय. लेकरांचा ताप, शाळेची फी, सासऱ्यांचे औषधपाणी, गळके छप्पर हे सारे तिचे सामान. तिने ते सांभाळले म्हणून पलीकडचा माणूस बर्फात निश्चिंत उभा राहू शकतो. सैन्यातील माणसाला वर्षाकाठी साधारण दोन महिन्यांची वार्षिक रजा मिळते. ती कधी मिळेल हे सीमेवरील परिस्थिती ठरविते. १९९९ साली कारगिलचे युद्ध पेटले, तेव्हा रजेवर आलेली कित्येक माणसे अर्ध्या सुट्टीतून परत गेली. अशा घरात दिनदर्शिकेवर केलेली खूण ही नेहमी पेन्सिलीचीच असते.

बंगळूर शहराला हा विषय नवा नाही. १६३८ नंतर शहाजीराजांचा मुक्काम जहागिरीच्या या शहरी पडला, आणि पुढे जिजाबाई बाल शिवाजींना घेऊन पुण्यास राहिल्या. पती दूर कर्नाटकात, मोहिमांवर. इकडे उजाड झालेला मुलूख आणि एक वाढते लेकरू. सामानाजवळ राहिलेल्या त्या माउलीने काय सांभाळले, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. पुढे १८०९ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली. आजही उलसूर तलावाच्या परिसरात मद्रास इंजिनिअर ग्रूपचे ठाणे आहे. छावणीच्या सैनिकांसाठीच येथे सेंट मार्क्स व होली ट्रिनिटी ही चर्चे उभी राहिली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी होली ट्रिनिटीमध्ये जाऊन बसलो होतो. भिंतींवर सैनिकांच्या स्मरणार्थ लावलेल्या शिला वाचीत होतो. अशा स्मारकांवर नावे असतात ती बहुधा रणांगणावर गेलेल्यांची. ज्यांनी वाट पाहिली त्यांची नावे कोण कोरतो? माझ्या मनात भाचीचे ते “बरं” पुन्हा उमटले, आणि मी अस्वस्थ झालो.

त्या रात्री मी अनुवादाचा चोविसावा अध्याय उघडला. तेथे एक छोटा नियम आहे. ज्याने नुकतेच लग्न केले, त्याला वर्षभर लढाईस पाठवू नये. आणि एवढेच नव्हे, तर दुसरे कोणतेही काम त्याच्यावर लादू नये. त्याने घरी मोकळे राहून आपल्या पत्नीला आनंद द्यावा. वाचकहो, हा नियम मी अनेकदा वाचला होता. परंतु त्याचा उत्तरार्ध माझ्या नजरेतून निसटला होता. लढाईपासूनच नव्हे, तर इतर कामांपासूनही सुटका! परमेश्वराला मानवी स्वभाव ठाऊक आहे. राजाने माणसाला सोडले, तरी गाव, नातेवाईक आणि कार्यप्रसंग त्याला सोडीत नाहीत. म्हणून पत्नीच्या आनंदासाठी राखलेल्या दिवसांभोवती प्रभूने स्वतः कुंपण घातले. हा नियम नवविवाहितांसाठी आहे हे खरे. पण ज्यांनी दहा वर्षांत मिळून दोन वर्षेही एकत्र घालविली नाहीत, त्यांना नवविवाहित न म्हणावे तर काय म्हणावे?

आणि मग मला नाथान संदेष्टा आठवला. दावीदाने रणांगणावर गेलेल्या उरीयाचे घर लुटले, तेव्हा नाथानाने त्याला एक दाखला सांगितला. एका धनवानाजवळ पुष्कळ मेंढरे होती. एका गरिबाजवळ एकच कोकरी, लेकीसारखी वाढविलेली. धनवानाकडे पाहुणा आला. त्याने आपल्या कळपाला हात न लावता त्या गरिबाची कोकरी घेऊन पाहुणचार केला. बंधूंनो, दावीदाचे पाप घोर होते. आपण त्याच्याशी आपली तुलना करणार नाही. परंतु दाखल्याचा न्याय आपल्यालाही लागू पडतो. आपल्याजवळ वर्षाचे ३६५ दिवस आपल्या माणसांसह आहेत. आणि घरी कार्य निघाले की आपण कोणाचे दिवस मागतो? ज्याच्याजवळ मोजके आहेत त्याचे! मी माझ्या भाचीला सबुरीचा उपदेश केला, तेव्हा मी तिची एकुलती कोकरी पाहुण्यांसाठी मागत होतो. पवित्र शास्त्र हातात धरून मागत होतो, ही त्याहून लज्जेची गोष्ट.

पुढे काय झाले ते ऐका. बर्फाने घाटरस्ता बंद पडला आणि यजमान रविवारऐवजी बुधवारी रात्री बंगळूरला पोहोचले. तीन दिवसांचा बेत आपोआप बुडाला. गुरुवारी सकाळी खरेदी, दुपारी स्टेशनवरून पाहुणे आणावयाचे, सायंकाळी हळद. सासूबाईंनी कामांची यादी मुलाच्या हाती दिली. त्याने ती घेतली. भाची काही बोलली नाही. ती त्याचे ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळत ठेवीत होती.

कोपऱ्यात बसलेल्या आजेसासूबाईंनी हे पाहिले. त्यांचे पतीही सैनिक होते. १९७१ च्या युद्धात ते पूर्वेच्या आघाडीवर होते. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले व १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. ते सारे दिवस आजींनी कडेवर लेकरू घेऊन शेजाऱ्यांच्या रेडिओपाशी काढले होते. पतीचे पत्र आले ते नाताळ उलटल्यावर. त्यांनी सुनेला जवळ बोलाविले. “अगं सूनबाई, हळदीला माणसं पुष्कळ आहेत. हिला नवरा एकच आहे, आणि त्याचे दिवस मोजलेले. पहाटे जाऊ दे त्यांना.”

सासूबाईंचे डोळे भरून आले. “आणि मी, सासूबाई? मलाही तो दहा महिन्यांनी दिसतोय.”

आजी म्हणाल्या, “खरं आहे गं. लग्न झालं की नगरला नेऊन पाच दिवस त्याला समोर बसवून जेवू घाल. तेव्हा ही मधे येणार नाही.”

त्या घरात त्या रात्री नाथानही बोलला आणि दावीदही बोलला, असे मला वाटले. कारण आईही सामानाजवळच राहिलेली होती. तिचाही वाटा होता. आजींनी एकीचा काढून दुसरीला दिला नाही. दोघींना मोजून दिला.

मी उठलो आणि जावयांच्या हातातून ती यादी मागून घेतली. भाचीला म्हणालो, “पोरी, मी तुला चुकीचे सांगितले होते. मला क्षमा कर.” ती हसली. म्हणाली, “मामा, स्टेशनवर हमाल बघून करा, तुमच्या कमरेला झेपणार नाही.”

गुरुवारी पहाटे ते दोघे गेले आणि शुक्रवारी सायंकाळी परतले. त्या डोंगरावर त्यांनी काय केले, हे मी विचारले नाही. एवढेच कळले, की धुक्यामुळे सूर्योदय दिसला नाही आणि त्यांना त्याचे काही वाटले नाही. त्यांची लेक माझ्याजवळ होती. आम्ही दोघांनी मिळून पाहुण्यांच्या बॅगा मोजल्या.

शनिवारी लग्न लागले. उपासनेत कानाच्या लग्नाचा पाठ वाचला गेला. प्रभू येशू त्या लग्नाला गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो लग्नघराच्या आनंदाचा शत्रू नव्हता. कार्यप्रसंग त्यालाही प्रिय होते. परंतु त्या घरात काय कमी पडले आहे, हे प्रथम कोणाच्या लक्षात आले? मरीयेच्या. भोजनकारभारी पंक्ती पाहत होता, वर आपल्या आनंदात होता. मरीयेने मात्र रिकामे झालेले भांडे पाहिले आणि ते प्रभूला सांगितले. मग प्रभूने ते काठोकाठ भरून दिले.

वाचकहो, लग्नघरातली कमतरता नेहमी यजमानाचीच असते असे नाही. कधी पाहुण्यांच्या गर्दीत वाढप करणाऱ्या एखाद्या सुनेचा द्राक्षारस संपलेला असतो. ती हसतमुखाने ताटे उचलते, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. मरीयेची दृष्टी आपल्याला मिळावी, हीच प्रार्थना आपण करावी.

आपल्या मंडळ्यांत सैन्यात, नौदलात, सीमा सुरक्षा दलात नोकरी करणाऱ्यांची कुटुंबे आहेत. व्यापारी जहाजांवर व आखाती देशांत गेलेल्यांचीही आहेत. त्यांच्यासाठी आपण काय करतो? स्वातंत्र्यदिनी व्यासपीठावरून प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. पण दावीदाने प्रथम क्षेमकुशल विचारले. तेव्हा उपासनेनंतर दोन मिनिटे थांबून त्या भगिनीला विचारा. तिच्या गळक्या नळासाठी माणूस पाठवा. तिच्या मुलांना रविवारच्या शाळेत नेऊन सोडा. सैनिकांच्या पत्नींसाठी १९६६ पासून आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन कार्य करीत आहे. पण शेजारधर्म हा कोणत्याही संस्थेवर सोपवून मोकळे होता येत नाही. आणि तिचे यजमान रजेवर येतील, तेव्हा सत्कार, जेवणावळी आणि समित्यांच्या सभांनी त्यांचे दिवस भरून टाकू नका. दार लोटून घ्या व त्यांना त्यांच्या घरी राहू द्या. हीही सेवाच आहे.

आणि भगिनी, तू जर सामानाजवळ बसून हे वाचीत असशील, तर एवढे ध्यानात घे. बसोर ओढ्याजवळ थांबलेल्यांची हजेरी त्या राजाने घेतली. दावीदाचा पुत्र म्हणविलेला आपला प्रभूही परत येणार आहे. तोही प्रथम तुझे क्षेमकुशल विचारील, आणि तुझा वाटा उणा पडू देणार नाही.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, जे दूर आहेत त्यांचे तू रक्षण कर. जे वाट पाहतात त्यांना धीर दे. ज्यांच्याजवळ आपली माणसे रोज आहेत, त्या आम्हांला दुसऱ्यांचे मोजके दिवस पवित्र मानावयास शिकव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.