देह कोणाच्या मालकीचा?

सोयाबीनची कापणी असो वा हळदीची काढणी, आपल्या सेनगाव तालुक्यातील शेतांच्या बांधावर तंबाखू मळता मळता एक प्रश्न हमखास विचारला जातो : देह माझा, पैसा माझा, मग त्यात कोणाचे काय बिघडते? प्रश्न उद्धट वाटला तरी उथळ नाही. दुसऱ्याला लुबाडणाऱ्याचा अपराध उघड असतो. स्वतःचेच नुकसान करणारा अपराधी ठरतो तो कोणाचा?

वाचकहो, इस्लामची हरकत ‘माझा’ या पहिल्याच शब्दाला आहे. देह ही अल्लाहची अमानत आहे, आणि ठेव मालकाने मुभा दिली तेवढीच वापरता येते. कयामतच्या दिवशी आयुष्य, ज्ञान व संपत्ती यांबरोबरच देह कोणत्या कामी झिजवला हेही विचारले जाईल, असे तिर्मिजीच्या हदीसमध्ये आले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज उपवास करीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना थांबवले आणि देहाचा, डोळ्यांचा व पत्नीचाही आपल्यावर हक्क असतो याची जाणीव करून दिली. इबादतसाठीसुद्धा देह अमर्याद झिजवण्याची मुभा मिळाली नाही. मग चुना लावलेल्या चिमटीसाठी ती कोठून मिळणार?

यावर ‘जे तकदीरमध्ये असेल ते होईल’ असे उत्तर येते. हिजरी १८ च्या सुमारास शाममध्ये प्लेगची साथ पसरली, तेव्हा हजरत उमर (रजि.) सरग या ठिकाणाहून माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. होय, एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी उंटांचा दाखला दिला. दरीची एक बाजू हिरवी व दुसरी ओसाड असेल, तर कोठेही चारले तरी ते तकदीरनेच. पण शहाणा गुराखी हिरवी बाजू निवडतो. गुरे राखणाऱ्या आपल्या माणसांना हे अधिक फोड करून सांगावे लागू नये. पुढे अबू उबैदा (रजि.) त्याच साथीत वारले, आणि अशा मृत्यूला हदीसमध्ये शहादतचा दर्जा आहे. म्हणून आजारी माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कुरआन-हदीसमध्ये तंबाखूचे नाव असणे शक्यच नव्हते. हे रोप पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून भारतात आले. त्यामुळे कोणी ते मुबाह म्हटले, कोणी मकरूह, कोणी हराम. तोंडाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यानंतर ‘मुबाह’ला फारशी जागा उरत नाही, असे मला वाटते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोक तंबाखू वापरतात, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत. मशेरी लावणाऱ्या आपल्या माता-भगिनी याच गणतीत येतात. ‘आम्ही कोठे खातो?’ असे त्या म्हणतात, परंतु मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे.

तथापि सारा दोष खाणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. सकाळी उपाशी निघालेला मजूर भूक मारण्यासाठी तंबाखूची गोळी गालात धरतो. ज्याच्या शेतात तो राबतो, त्याने न्याहारीची वेळ दिली नसेल, तर त्या गोळीचा काही हिशेब मालकाकडेही मागितला जाईल. मजुरीच्या पैशाऐवजी पुडी पुढे करणाऱ्याकडे तर नक्कीच.

‘सवय सुटत नाही’ ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच. रमजानमध्ये हाच माणूस सहरीपासून मगरिबपर्यंत पुडीला हात लावत नाही, तेही सलग महिनाभर. अडचण इफ्तारनंतर सुरू होते. खजूर संपण्याआधीच हात खिशाकडे जातो. ती पहिली चिमूट तरावीहपर्यंत लांबवावी, मग फज्रपर्यंत. घरच्यांनी या दिवसांत टोमणे न मारता सोबत द्यावी. चिडचिड होईल, झोप उडेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मदत लागल्यास १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे, आणि तो शोधायला लांब जावे लागत नाही. पुडीवरच छापलेला असतो.